पोलिश पाककलेच्या चाहत्याला भेट काय द्यावी?

पोलंडच्या स्वयंपाकाची ओळख बहुतेकांना 'पिएरोगी'मुळे होते. मैद्याच्या पारीत बटाटा, चीज वा कोबी-अळंबीचे सारण भरून केलेला हा पदार्थ दिसतो करंजीसारखा, पण शिजतो उकळत्या पाण्यात. त्यापलीकडे हे स्वयंपाकघर पीठ लाटणे, खसखस वाटणे आणि आंबवणे या कामांवर उभे आहे. आपला स्नेही यांपैकी काय करतो, हे जाणून भेट निवडल्यास ती कपाटात पडून राहत नाही.

लाटण्यासाठी

पिएरोगी एका वेळी पन्नास-साठ करण्याची रीत असल्याने पोळपाट अपुरा पडतो. पोलिश घरांत 'स्तोलनित्सा' नावाचा मोठा लाकडी फळा वापरतात. त्याच्या कडेची पट्टी टेबलाला अडकते व फळा सरकत नाही. गोल चकत्या अनेक घरांत साध्या पेल्यानेच कापल्या जातात. त्यामुळे साच्यांच्या संचापेक्षा असा फळा आणि जड लाटणे अधिक उपयोगी.

खसखशीसाठी

नाताळ आणि ईस्टरचा 'माकोव्हिएत्स' म्हणजे खसखशीचे सारण भरलेली गुंडाळी. निळसर-करडी खसखस गरम दुधात वा पाण्यात भिजवून दोन-तीनदा वाटतात आणि तीत मध, मनुका व अक्रोड मिसळतात. त्यासाठी आतून खरबरीत असलेले 'माकुत्रा' हे मातीचे भांडे लाकडी बत्त्यासह देता येईल. बारीक जाळीचे हाताने फिरवायचे खिमायंत्रही चालते.

आपली पांढरी खसखस माकोव्हिएत्ससाठी रूढ नाही. पोझनान शहरात ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, खाल्ल्या जाणाऱ्या चंद्रकोरी 'रोगाल'मध्ये मात्र पांढरीच खसखस लागते. युरोपीय संघाने २००८ मध्ये या पदार्थाच्या नावाला भौगोलिक संरक्षण दिले.

एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. संयुक्त अरब अमिराती आणि सिंगापूर येथे खसखस नेण्यास बंदी आहे. त्या मार्गे प्रवास असल्यास सामानात तिचे पाकीटही ठेवू नये.

भट्टीच्या पदार्थांसाठी

कोपर्निकसचे जन्मगाव तोरुन हे 'पिएरनिक' या मसालेदार मधाच्या केकसाठी व बिस्किटांसाठी प्रसिद्ध आहे. कोरीव लाकडी साचे हे तेथील वैशिष्ट्य. या नावाचे मूळ तिखट, मिरीयुक्त अशा अर्थाच्या जुन्या शब्दात आहे. म्हणूनच भारतातून पाठवायची उत्तम भेट म्हणजे ताजी वेलची, लवंग, मिरी आणि सुंठ. मसाले अख्खेच द्यावेत; पूड लवकर सुवास गमावते.

ईस्टरच्या 'बाबका'साठी मध्यभागी नळी असलेला, पन्हळीदार उंच साचा लागतो. घेताना तो जाड पत्र्याचा आहे ना, हे पाहावे.

आंबवण्यासाठी

राईचे पीठ पाण्यात काही दिवस आंबवून 'झुरेक' हे सूप करतात. कोबी आणि काकडीही मिठाच्या पाण्यात आंबवतात. चिनी मातीची उंच बरणी आणि कोबी पाण्याखाली दाबून ठेवणारे वजन ही जोडी अशा व्यक्तीला आवडेल.

पंगतीसाठी

नैऋत्य पोलंडमधील बोलेस्वाव्हिएत्स गावची निळी-पांढरी भांडी देखणी आणि टिकाऊ असतात. त्यांवरील ठिपक्यांची नक्षी हाताने ठशांनी उमटवतात. ती ओव्हनमध्ये चालतात, गॅसच्या ज्योतीवर नाहीत. फ्रिजमधून काढून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये ठेवल्यास ती तडकू शकतात. पूर्ण संच न परवडल्यास एकच खोल, आयताकृती भांडे घ्यावे.

केव्हा द्यावी?

नाताळाच्या पूर्वसंध्येचे, २४ डिसेंबरचे, बिनमांसाचे जेवण हा पोलिश घरातील वर्षाचा मोठा सोहळा. परंपरेने त्यात बारा पदार्थ असतात आणि त्यांची तयारी फार आधी सुरू होते. जुन्या पद्धतीच्या पिएरनिकचे पीठ तर चार ते सहा आठवडे थंड जागी मुरवतात. म्हणून मसाले व साचे नाताळाला नव्हे, नोव्हेंबरच्या आरंभीच पोहोचवावेत. अन्यथा ते वापरण्यासाठी पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागेल.