परवाना माणसाचा की कामाचा?

इतिहासाच्या या सदरात आजचा विषय जरा घरगुती आहे. आपल्या भिंतींच्या आत वायर असते, तिच्याबद्दल बोलायचं आहे. आणि त्याहून जास्त बोलायचं आहे ते त्या वायरला हात लावणाऱ्या माणसाबद्दल.

आमचे मामा सांगलीला तारतंत्री होते. तारतंत्री म्हणजे वायरमन. आयटीआयच्या पाटीवर हाच शब्द असतो. मामांच्या शर्टाच्या खिशात टेस्टर असायचा आणि पाकिटात घडी घातलेला सरकारी परवाना. नव्या घरी कामाला गेले की मालकाने विचारायच्या आधीच ते तो काढून दाखवत. हे बघतच मी मोठा झालो. त्यामुळे इंग्लंडात घर घेतलं आणि इलेक्ट्रिक शॉवर बसवायला पहिल्यांदा माणूस आला, तेव्हा सहज विचारलं, "तुमचं लायसन्स बघू?"

तो हसला. म्हणाला, "असं लायसन्स या देशात नसतं."

मला वाटलं, हा गृहस्थ आपल्याला नवखा समजून फसवतोय. पण तो खरं बोलत होता. इंग्लंडमध्ये 'इलेक्ट्रिशियन' या नावाला कायद्याचं संरक्षण नाही. उद्या तुम्ही गाडीवर तशी पाटी रंगवून घेतलीत तर निव्वळ त्या पाटीसाठी तुम्हाला कुणी अडवणार नाही. आणि गंमत म्हणजे, याच घरात गॅसच्या बॉयलरला हात लावणारा माणूस मात्र नोंदणीकृत असावाच लागतो. गॅसला एक न्याय आणि विजेला दुसरा, असं का? त्यासाठी १८८२ सालात जावं लागेल.

इंग्लंडात तेव्हा विजेचा दिवा ही नवलाई होती. आदल्याच वर्षी, १८८१ मध्ये, सरे परगण्यातल्या गोडाल्मिंग या छोट्या गावात सार्वजनिक वीजपुरवठा सुरू झाला होता. त्याच वर्षी लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात विजेचे दिवे लागले. लोकांना कौतुक होतं, पण धास्तीही होती, आणि ती मुख्यतः आगीची. विमा कंपन्याही काळजीत पडल्या. मग १८८२ मध्ये तारयंत्र आणि विद्युत अभियंत्यांच्या संस्थेने आग टाळण्यासाठी मोजक्या पानांची एक नियमावली छापली. ही संस्था आज 'आयईटी' म्हणून ओळखली जाते.

त्या नियमावलीच्या प्रस्तावनेतला विचार आजही वाचण्यासारखा आहे. त्याचा मथितार्थ असा, की विजेच्या प्रत्येक नव्या वापरातला मुख्य धोका ती बसवणाऱ्यांच्या अज्ञानातून आणि अननुभवातून येतो. आणि विजेतले दोष बहुतेक आतले, डोळ्यांना न दिसणारे असतात, म्हणून चाचणी घेतल्याशिवाय ते सापडत नाहीत.

म्हणजे धोका बसवणाऱ्याच्या हातात आहे, हे या मंडळींना पहिल्याच वर्षी कळलं होतं. तरी त्यांनी नियम केले ते तारांसाठी. तार किती जाड असावी, तिच्यावर आवरण कसं असावं, कुठून न्यावी, हे सगळं लिहिलं. ती ओढणारा कोण असावा, याची सरकारी नोंदणी मात्र आली नाही. पुढे याच नियमावलीच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. १९९२ मध्ये तिला 'बीएस ७६७१' हा ब्रिटिश मानकाचा क्रमांक मिळाला, आणि २०१८ मध्ये अठरावी आवृत्ती आली. इथले इलेक्ट्रिशियन "एटीन्थ एडिशन केलंय" म्हणतात ते हेच.

आता योगायोग बघा. त्याच १८८२ सालात आपल्या मुंबईत क्रॉफर्ड मार्केटमध्ये, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईत, विजेचे दिवे लागले. ते फार टिकले नाहीत. कंपनी बुडाली आणि मंडई पुन्हा गॅसच्या दिव्यांवर गेली. मुंबईत वीज खऱ्या अर्थाने रुळली ती १९०५ मध्ये वाडी बंदरला वीजकेंद्र सुरू झाल्यावर. १९०७ मध्ये विजेवरची ट्राम धावली आणि १९१५ पासून खोपोलीचं जलविद्युत केंद्र चालू झालं.

एवढी वीज आली म्हणजे ती हाताळणारे हात घडवणंही आलं. लंडनमध्ये १८७८ सालीच सिटी ऑफ लंडन आणि सोळा व्यावसायिक संघांनी मिळून 'सिटी अँड गिल्ड्स' ही संस्था काढली होती. कारागिराला तांत्रिक शिक्षण द्यावं, त्याची परीक्षा घ्यावी, हा तिचा हेतू. आजही इथल्या वायरमनच्या प्रमाणपत्रावर बहुधा हेच नाव दिसतं. मुंबईत १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था, म्हणजे आपली व्हीजेटीआय, सुरू झाली. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. वीजतंत्री, तारतंत्री, जोडारी, कातारी, संधाता हे शब्द तिथूनच घराघरात पोचले.

शिक्षणाची वाट दोन्हीकडे अशी बरीचशी सारखी होती. नोंदणीची वाट मात्र वेगळी झाली, आणि इथे आणखी एक साल लक्षात ठेवा: १९५६.

त्या वर्षी ब्रिटनमध्ये 'एनआयसीईआयसी' ही संस्था स्थापन झाली. कंत्राटदारांची नोंदवही १९२३ पासून होतीच; तिचीच ही पुढची पायरी. नोंदणी केलेल्या कंत्राटदाराचं काम संस्थेचा तपासनीस येऊन बघणार, पसंत पडलं नाही तर नाव काढणार. पण नाव नोंदवायचं की नाही, हे कंत्राटदाराच्या इच्छेवर.

त्याच १९५६ मध्ये भारतात भारतीय विद्युत नियम आले. त्यातला पंचेचाळिसावा नियम आमच्या मामांना तोंडपाठ होता. दिवा, पंखा, फ्यूज, बटण बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वीजजोडणीचं कोणतंही काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच करायचं. तेही सक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली, आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्या माणसाकडेही परवाना हवा. एका कामामागे तीन कागद, आणि तिन्ही माणसांचे. मामांच्या पाकिटातली घडी ती हीच.

आपल्या घरातल्या गोल पिना इंग्रजांच्या. 'बीएस ५४६' हे त्यांचं जुनं मानक. इंग्लंडने १९४७ मध्ये चौकोनी पिनांचं नवं मानक आणलं, आपण जुन्या पिना ठेवल्या. कामगाराच्या परवान्याच्या बाबतीत मात्र आपण इंग्लंडच्या मागे गेलो नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग आपलीच पद्धत चांगली. कागदावर नक्कीच. पण मामाच कुरकुरायचे, की परवाना एकाचा आणि काम दुसऱ्याच्या हातचं, असं सर्रास चालतं. नव्या मीटरसाठी कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. तो जागेवर न जाता, मेगर न लावता सही होऊन येतो, हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. चाचणी झालीच नाही तर कागद असून काय उपयोग?

इंग्लंडमध्ये गॅसची गोष्ट वेगळी झाली ती एका अपघातामुळे. मे १९६८ मध्ये पूर्व लंडनमधल्या रोनन पॉइंट या बावीस मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, एका कोपऱ्यातले मजले वरपासून खालपर्यंत कोसळले आणि चार माणसं गेली. त्यानंतर १९७० मध्ये गॅस कामगारांची नोंदणी सुरू झाली, १९९१ मध्ये ती सक्तीची झाली, आणि २००९ पासून तिचं नाव 'गॅस सेफ' आहे.

विजेच्या बाबतीत कायदा हळूहळू पुढे सरकला. १९६८ मध्येच मालक आणि कामगार संघटनांनी मिळून संयुक्त मंडळ काढलं आणि कामगारांच्या श्रेणी ठरवल्या. १९८९ च्या नियमांनी सांगितलं, की कामाच्या ठिकाणी विजेला हात लावणाऱ्याकडे धोका टाळण्याइतकं ज्ञान किंवा अनुभव हवा. घरांसाठी मात्र १ जानेवारी २००५ उजाडावा लागला. त्या दिवशी इंग्लंड आणि वेल्समध्ये बांधकाम नियमांचा 'पार्ट पी' लागू झाला. त्यानेही माणसाला परवाना दिला नाही. त्याने नोंद मागितली ती कामाची. मान्यताप्राप्त योजनेत नोंदलेली फर्म आपल्या कामाचा दाखला स्वतः देऊ शकते. बाकी कुणी काम करणार असेल तर सहसा आधी स्थानिक बिल्डिंग कंट्रोलला कळवावं लागतं.

२०१३ मध्ये इंग्लंडने हे नियम सैल केले. आता नोंद लागते ती मुख्यतः तीन कामांची: नवं सर्किट ओढणं, फ्यूज बॉक्स बदलणं, आणि न्हाणीघरात शॉवर किंवा टबच्या आसपासच्या वायरिंगमध्ये बदल करणं. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, तिथल्या श्रोत्यांनी आपापले बघावेत.

आता परत माझ्या शॉवरकडे. "लायसन्स दाखवा" हा माझा प्रश्न सांगलीत बरोबर होता, इथे चुकीचा. इथे तीन गोष्टी विचारायच्या. पहिली, तुमची फर्म कोणत्या योजनेत नोंदलेली आहे? नाव मिळालं की ते इंटरनेटवरच्या नोंदवहीत स्वतः तपासा. गाडीवरच्या चिन्हावर जाऊ नका. दुसरी, प्रत्यक्ष काम कोण करणार आणि तपासणार कोण? कारण नोंदणी फर्मची असते, आणि घरी येणारा मुलगा शिकाऊही असू शकतो. तिसरी, काम झाल्यावर मला कोणते कागद मिळतील? एक कागद चाचणीच्या आकड्यांचा, आणि नोंद लागणारं काम असेल तर दुसरा बांधकाम नियम पाळल्याचा. दोन्ही जपून ठेवा. घर विकायला काढाल तेव्हा समोरच्याचा वकील ते हमखास मागतो. घर भाड्याने दिलं असेल तर इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनुसार किमान दर पाच वर्षांनी वायरिंगची तपासणी सक्तीची आहे, हेही विसरू नका.

माझ्याकडे आलेल्या त्या गृहस्थाच्या फर्मचं नाव नोंदवहीत निघालं नाही. मी त्याला चहा दिला आणि परत पाठवलं. शॉवर दोन आठवडे उशिरा बसला, घरात माझ्यावर चिडचिड झाली, पण कागद माझ्या फायलीत आहेत.

शेवटी दोन शब्द तरुणांसाठी, आणि खरं तर त्यांच्या आईवडिलांसाठी. आपल्या घरांत मुलगा इंजिनिअर झाला की पेढे वाटतात. "मला इलेक्ट्रिशियन व्हायचंय" म्हणाला, तर शांतता पसरते. मुलगी म्हणाली तर विचारूच नका. इथे ही उमेदवारी सुमारे चार वर्षांची असते. शिकाऊ उमेदवाराला पगार मिळतो, कॉलेज आणि प्रत्यक्ष काम बरोबरीने चालतं, आणि शेवटी काही दिवसांची कठीण प्रात्यक्षिक परीक्षा असते. वीजपुरवठा नीट तोडून तो तुटल्याची खात्री करणं, जोडणी उभी करणं, ती तपासणं आणि मुद्दाम पेरलेले दोष शोधणं, हे सगळं तिथे करून दाखवावं लागतं. मग या व्यवसायातलं सोनेरी कार्ड मिळतं.

महाराष्ट्रातून परवाना घेऊन आलेल्या भावंडांनाही सांगतो. तो परवाना दाखवून हे कार्ड मिळत नाही. पण तुमचा अनुभव वाया जात नाही. अनुभवी कामगारांसाठी वेगळी वाट आहे. केलेल्या कामाचे पुरावे द्यायचे, इथली नियमावली शिकायची आणि तशीच प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची. म्हणून निघण्याआधी केलेल्या कामांची पत्रं, फोटो, प्रमाणपत्रं सगळं गोळा करून आणा. आणि तारांचे रंग नव्याने पाठ करा. तिकडची लाल फेज आणि काळी न्यूट्रल इथल्या नव्या वायरिंगमध्ये तपकिरी आणि निळी असते. जुन्या घरांत मात्र अजून लाल-काळीच सापडेल.

मामा एकदा आमच्याकडे राहायला आले होते. आल्या दिवशी चहा घेऊन झाल्यावर जिन्याखालचा फ्यूज बॉक्स उघडून उभे राहिले. बराच वेळ बघून त्यांनी एकच विचारलं, "अर्थिंग कुणी तपासलंय?" मी फायलीतला कागद काढून दिला. चष्मा लावून त्यांनी सगळे आकडे वाचले, मान डोलावली आणि म्हणाले, "आता आंघोळीला जातो."

तुमच्या घरी असा कागद आहे का, ते आज जरूर बघा.