लढाऊ मासा आणि त्याची बरणी

सयामच्या, म्हणजे आजच्या थायलंडच्या, भातखाचरांत आणि उथळ पाणथळीत राहणारा लढाऊ मासा माणसाने किमान हजार वर्षांपूर्वी पाळायला घेतला, असे २०२२ मधील जनुकीय अभ्यासातून दिसते. पुढे झुंजींसाठी त्याची पैदास होऊ लागली. नर एकमेकांवर तुटून पडतात, म्हणून प्रत्येकाला वेगळ्या बरणीत ठेवण्याची रीत पडली. थिओडोर कॅन्टरने १८४९ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पण त्याने दिलेले नाव दुसऱ्याच जातीचे निघाल्याने टेट रीगनने १९१० मध्ये 'बेट्टा स्प्लेन्डेन्स' हे नाव दिले.

बरणीत हा मासा गुदमरत का नाही? कल्ल्यांच्या वर असलेल्या घड्याघड्यांच्या इंद्रियाने तो पृष्ठभागावर येऊन हवेतला ऑक्सिजन घेतो. त्यामुळे त्याला थोडे पाणी पुरते, असा समज रूढ झाला. मात्र त्याच्या शरीरातून बाहेर पडणारा विषारी अमोनिया थोड्या पाण्यात लवकर साचतो. हवा घेतल्याने तो कमी होत नाही. म्हणून पंधरा-वीस लिटरची, झाकणाखाली हवेला जागा असलेली टाकी आणि सुमारे २६ अंश सेल्सियस तापमानाचे पाणी हवे.

बरणी ही झुंज लावणाऱ्यांची सोय होती, माशाची गरज नव्हे. वर्गात हा मासा ठेवण्यापूर्वी तग धरणे आणि सुखाने जगणे यांतला फरक मुलांशी जरूर बोलावा.