मांडीवरची गिटार

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादा किल्ला, एखादे देऊळ किंवा एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे. मी मात्र एका वाद्याचा इतिहास लिहावयास घेतला आहे. इतिहास तरवारींचा असतो, तसाच तारांचाही असतो; आणि ह्या वाद्याच्या इतिहासात एक राज्य गेल्याची कथाही आहे.

हे वाद्य म्हणजे मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टीने वाजवायची गिटार. आपल्याकडे तिला हवाईयन गिटार म्हणतात. आपल्यापैकी कितीतरी जणींनी ती लग्नाआधी शिकलेली आहे. कितीतरी घरांत ती गवसणीत घालून माळ्यावर ठेवलेली आहे. माझ्या घरची गिटार मंडळातल्या भगिनींना ठाऊक आहे. ती पाहून हटकून तीन प्रश्न येतात. ही आडवी का? हिचा आवाज गळ्यातून आल्यासारखा कसा? आणि हे वाद्य मूळचे कोणाचे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. तिसऱ्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. हवाई म्हणजे हवेतली नव्हे. हवाई ही प्रशांत महासागरातली बेटे. तेथे गिटार आली ती बाहेरून. १८३० च्या दशकात तिसरा कामेहामेहा राजा राज्य करीत असताना मोकाट वाढलेली गुरे आवरण्यासाठी मेक्सिकोकडील गुराखी तेथे आणले गेले, त्यांच्याबरोबर गिटार आली. बेटांवरच्या लोकांनी ती घेतली, पण पाहुण्यांसारखी वाजवली नाही. त्यांनी तारा सैल करून आपल्या कानाला गोड लागेल अशा लावल्या. ज्या त्या घराण्याची तारा लावण्याची रीत निराळी, आणि ती घराबाहेर सांगायची नाही असा दंडक. लोणच्याचा मसाला जसा सासूकडून सुनेकडे जातो, तशी ती रीत घरातल्या घरात पुढे जात राहिली.

पट्टीने वाजवण्याची युक्ती निघाली ती ओआहू बेटावर. लाइए गावी १८७४ साली जन्मलेला जोसेफ केकुकू होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकत होता. १८८९ च्या सुमारास ह्या मुलाने गिटारीच्या तारांवर धातूची वस्तू सरकवून पाहिली. रुळांच्या कडेने चालताना त्याने एक खिळा उचलला आणि तो तारेला लागला, अशी एक कथा आहे. कोणी फणीचे सांगतात, कोणी सुरीच्या पाठीचे. आरंभ कशानेही होवो, पुढचे श्रम त्याचेच होते. तारा पडद्यांना टेकू नयेत म्हणून त्याने त्या उचलून घेतल्या, गुळगुळीत पोलादी पट्टी करून घेतली, आणि वर्षानुवर्षे मेहनत करून त्या युक्तीची विद्या केली.

आता आपले पहिले दोन प्रश्न घेऊ. उभ्या गिटारीत बोटाने तार पडद्यावर दाबायची असते. पडदा जेथे असेल तेथेच स्वर मिळतो. आडव्या गिटारीत तार पडद्याला टेकतच नाही. डाव्या हातातली पट्टी तारेवर अलगद ठेवायची आणि सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात व दोन बोटांत नख्या घालून तार छेडायची. पट्टी दाबली तर स्वर बिघडतो, फार हलकी ठेवली तर तार खरखरते. मधला भार हाताला कळावा लागतो. पडद्यांच्या खुणा डोळ्यांपुढे असतात, पण त्या केवळ खुणा. स्वराची खरी जागा कानानेच शोधायची. म्हणूनच षड्जावरून पंचमावर जाताना वाटेतली एकही श्रुती सुटत नाही. आपण जिला मींड म्हणतो ती हीच. गाणारा गळाही असाच जातो, आणि म्हणून ही गिटार गळ्यासारखी वाटते.

ह्या वाद्याची ओढ नेमकी ह्यातच आहे. हार्मोनियमची पट्टी दाबली की स्वर तयार मिळतो. तो आपला नसतो, कारागिराने बसवलेला असतो. ह्या गिटारीत प्रत्येक स्वर आपण घडवावा लागतो. पहिले काही महिने घरची माणसे कानांवर हात ठेवतात. पण एखाद्या संध्याकाळी गांधार जागेवर बसतो, पट्टी किंचित थरथरवली की तो हुंदक्यासारखा हलतो, आणि स्वयंपाकघरातून कोणीतरी विचारते, “आत्ता कोण गायले?” त्या प्रश्नासाठी बाई आयुष्यभर रियाज करील.

असो. केकुकूच्या मुलुखावर ह्याच काळात मोठे संकट आले. हवाईची राणी लिलिउओकलानी स्वतः उत्तम गीतकार होती. जगभर निरोपाचे गीत म्हणून ठाऊक असलेले ‘अलोहा ओए’ तिचेच. १७ जानेवारी १८९३ रोजी अमेरिकन वंशाच्या मळेवाल्यांनी व व्यापाऱ्यांनी, बंदरातल्या अमेरिकी युद्धनौकेच्या सैनिकांचा धाक असताना, तिला पदच्युत केले. १८९५ साली तिला तिच्याच राजवाड्यात कैदेत ठेवले. १८९६ साली शाळांतून शिकवण्याचे माध्यम इंग्रजी झाले आणि हवाईयन भाषेला शाळेचे दार बंद झाले. १८९८ साली अमेरिकेने ती बेटे आपल्या राज्याला जोडून घेतली. देश गेला, भाषा शाळेबाहेर गेली. तोंडी गीते आणि मांडीवरची ही गिटार मात्र त्या लोकांपाशी उरली. आपणही परक्यांचे राज्य सोसलेले लोक आहोत. अशा वेळी गाणे काय आधार देते, हे आपल्याला निराळे सांगावयास नको.

आणि नवल असे, की राज्य गेलेल्या त्या लोकांच्या वाद्याने पुढच्या वीस वर्षांत राज्य घेणाऱ्यांच्या देशाला वेड लावले. केकुकू १९०४ साली अमेरिकेत गेला आणि गावोगाव वाजवीत, शिकवीत हिंडला. १९१२ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आलेल्या ‘बर्ड ऑफ पॅराडाइज’ ह्या नाटकात हवाईयन वादक होते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले, त्यातल्या हवाईच्या मंडपात हे संगीत हजारो लोकांनी ऐकले. पुढे ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या, घरबसल्या शिकण्याचे अभ्यासक्रम निघाले. ह्या लाटेत बेटांचे एक खोटे चित्रही विकले गेले: सदा नाचणाऱ्या मुली, सदा हसणारे लोक, चांदणे आणि माड. त्या मुलींच्या राणीचे काय झाले, हे त्या गाण्यांत नसे. केकुकू १९३२ साली न्यू जर्सीत, आपल्या बेटांपासून फार दूर वारला.

ह्याच गिटारीपायी विजेवरचे वाद्य जन्माला आले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. नाटकगृहे मोठी, वाद्यवृंद मोठे. मांडीवरच्या गिटारीचा आवाज पोचेना. १९२० च्या दशकात धातूच्या पातळ तबकड्या आत बसवलेल्या गिटारी निघाल्या. पुढे जॉर्ज बोशां ह्या वादकाच्या कल्पनेतून अॅल्युमिनियमची ओतीव विजेची गिटार तयार झाली आणि १९३२ साली बाजारात आली. गोल अंग, लांब दांडा; लोक तिला ‘फ्राइंग पॅन’, म्हणजे तळणाचा तवाच म्हणत. बाजारात चाललेली पहिली विजेची गिटार ती हीच, आणि ती मांडीवर ठेवून वाजवायची होती. आज तरुण मुले उभे राहून ज्या विजेच्या गिटारी गाजवतात, त्यांची ही थोरली बहीण. तव्याची उपमा मिळालेले वाद्य आपल्या स्मरणिकेत यावे, हे योग्यच नव्हे काय?

स्त्रियाही ह्यात मागे नव्हत्या. शिकागोच्या लेट्रिशिया कँडल ह्या तरुणीने १९३७ साली स्वतः कल्पून सव्वीस तारांचे, चार दांड्यांचे विजेचे वाद्य करवून घेतले आणि त्याला ‘ग्रँड लेटार’ असे नाव दिले. मुलींचा वाद्यवृंदही ती चालवीत असे.

आपल्या देशात ही गिटार रुजवण्याचे मोठे श्रेय एका जोडप्याला आहे. १९०८ साली सामोआत जन्मलेला आणि केकुकूच्याच लाइए गावी वाढलेला ताऊ मो, आणि त्याची गायिका पत्नी रोझ. १९२८ साली ही दोघे एका हवाईयन मंडळीबरोबर परदेशी निघाली आणि पुढची कित्येक वर्षे मुलाबाळांसह देशोदेशी गात-वाजवत राहिली. १९४० च्या दशकात काही वर्षे त्यांचा मुक्काम कोलकात्यात होता. तेथे ताऊ मो ह्यांनी गिटार शिकवली. कोलकात्याचे गार्नी निस आपल्या ‘अलोहा बॉइज’ मंडळींसह हे संगीत वाजवीत. पुढे सुजित नाथ, बटुक नंदी, सुनील गांगुली ह्यांच्या हातून गिटारीवर बंगाली गीते येऊ लागली. रवींद्रसंगीत गिटारीवर वाजवणे ही बंगाली घरांतली नित्याची गोष्ट झाली. इकडे मुंबईत व्हॅन शिप्ले ह्यांच्या विजेच्या गिटारीवरील चित्रपटगीतांच्या तबकड्या घरोघरी गेल्या. रेडिओवर दोन कार्यक्रमांच्या मधली मोकळी जागा ह्या गिटारीने किती वेळा भरून काढली असेल, त्याची गणती नाही. शब्द नसत, तरी ऐकणारी बाई भाजी चिरता चिरता ते मनात म्हणत असे.

रागसंगीतात गिटार आणली ती जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा ह्यांनी. ते उस्ताद अली अकबर खाँ ह्यांचे शिष्य. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ह्या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि काब्रांची गिटार एकत्र ऐकू येतात. नंतर विश्वमोहन भट्ट ह्यांनी तरफा घालून आपली मोहनवीणा केली. राय कूडर ह्या अमेरिकी वादकाबरोबरच्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक मिळाले. वाराणसीच्या डॉ. कमला शंकर ह्यांनी ह्या वाद्यावर गायकी अंगाने राग वाजवून स्त्रियांची जागा निश्चित केली.

हे आपल्याकडे इतके सहज कसे रुजले? कारण सरकत्या वस्तूने तार वाजवणे आपल्याला नवे नव्हते. तेराव्या शतकात आपल्याच देवगिरीस, यादवराजा सिंघणाच्या आश्रयाने शार्ङ्गदेवांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या एकतंत्री वीणेवर डाव्या हाताने वेळूची ‘कम्रिका’ फिरवीत. उत्तरेची विचित्र वीणा काचेच्या बट्ट्याने वाजते. दक्षिणेत तंजावरकडील तिरुविडैमरुदूरच्या सखाराम रावांनी गोट्टुवाद्य नावारूपाला आणले, तेही असेच.

मग कोणी म्हणेल, हे वाद्य मूळचे आपलेच! तशी एक कथाही आहे. केकुकूच्या आधी, १८८० च्या दशकात, गेब्रिएल डेव्हियन नावाचा हिंदुस्थानात जन्मलेला एक खलाशी होनोलुलूत एका तारेवर काहीतरी सरकवून वाजवीत असे, असे एका जुन्या आठवणीत सांगितले आहे. कथा गोड आहे, पण तिच्यावर हक्काची इमारत उभारणे मला पटत नाही. ज्या लोकांचे राज्य, जमीन आणि शाळेतली भाषा गेली, त्यांच्या हातचे वाद्यही आपण ऐकीव कथेवर मागून घ्यावे, हे बरे नव्हे. गिटार त्यांनी बाहेरून घेतली आणि मेहनतीने आपली केली. बंगालने ती त्यांच्याकडून घेतली आणि आपली केली. काब्रांनी, भट्टांनी तेच केले. वाद्य कोणाचे, ह्याचे उत्तर मला एवढेच सापडते: जो त्याला आपली बोली शिकवतो त्याचे, मात्र ज्याच्याकडून घेतले त्याचे नाव विसरू नये. १९७८ साली हवाईयन भाषा पुन्हा त्या बेटांची एक राजभाषा झाली, आणि १९९३ साली अमेरिकेच्या संसदेने राणीला पदच्युत केल्याबद्दल ठराव करून क्षमा मागितली. आपण निदान नाव तरी घ्यावे.

आणि ह्याच न्यायाने, माळ्यावरची गिटार कोणाची? जिच्या नावाने ती घेतली तिची, की कोणाचीच नाही? भगिनींनो, गवसणी सोडून पाहा. दांडा वाकला नसेल आणि घोडी उखडली नसेल, तर गंजलेल्या तारा बदलल्या की पुरे. साधी पोलादी तारांची उभी गिटार असली तरी चालते. खुंट्यांजवळच्या पट्टीवर बसणारी एक उंच धातूची पट्टी घातली की तारा वर उचलल्या जातात. षड्ज पांढरी दोनला धरून जाड तारेकडून बारीक तारेकडे सा, प, सा, ग, प, सा अशा तारा लावाव्या. ह्यात नेहमीच्या लावणीपेक्षा एकही तार वर चढवावी लागत नाही, म्हणून जुन्या लाकडावर ताण येत नाही. मग पट्टी बाराव्या पडद्याच्या बरोबर वर ठेवून छेडा: तार अर्धी होते आणि वरचा षड्ज बोलतो. सातव्यावर पंचम, पाचव्यावर मध्यम. भजनी वर्गात बसणाऱ्या कोणत्याही बाईला पुढची वाट सांगावी लागणार नाही.

बोटे जड झाली, वय झाले, असे म्हणू नका. ह्या गिटारीला तार दाबण्याचा जोर लागत नाही. कान लागतो, आणि तो वयाबरोबर पिकतो. मंडळाच्या खोलीत तंबोरा आहे, पेटी आहे, टाळ आहेत. पुढच्या वर्धापनदिनी तेथे दोन-तीन गिटारी आडव्या मांडलेल्या दिसाव्या, आणि त्यांवर आपल्या ओव्या वाजाव्या, एवढीच माझी इच्छा.