पेरते व्हा! : एका हाकेचा इतिहास

उन्हाळा तापू लागला की आमराईतून, ओढ्याकाठच्या झाडीतून एक हाक सुरू होते : 'पेरते व्हा, पेरते व्हा!' ती ऐकून शेतकऱ्याने पाभर नि बी-बियाणे नीट करायला घ्यावे, ही मराठी मुलखातली जुनी रीत. हाक देणाऱ्याचे नाव पावशा. हाक साऱ्यांच्या ओळखीची. पण पक्षी दाखवा म्हटले की भलेभले गप्प बसतात.

दोष बघणाऱ्याचा नाही, पक्ष्याच्या रूपाचा आहे. पावशा कोकिळेच्या कुळातला, पण दिसतो थेट शिक्र्यासारखा. पाठ राखी, पोटावर आणि शेपटीवर आडवे पट्टे. उडतानाही चार-सहा वेळा पंख मारून मग तरंगत जायची तीच ढब. लहान पाखरेदेखील फसतात आणि शिकारी आला म्हणून गलका करतात. पावशाची मादी स्वतः घरटे बांधत नाही. ती सातभाईच्या घरट्यात अंडे घालते आणि ते अंडेही सातभाईच्या अंड्यासारखेच निळे! डोळ्यांना चकवण्याची विद्याच या पक्ष्याने साधलेली आहे.

शास्त्राने त्याला नाव दिले तेही डोळ्यांच्याच भरवशावर. १७९७ साली मार्टिन व्हाल या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नमुना होता तमिळ किनाऱ्यावरच्या, त्या काळी डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या त्रांकेबारचा. नाव ठेवले 'व्हेरियस', म्हणजे चित्रविचित्र. पुढे त्याला 'हायरोकॉक्सिक्स' या प्रजातीत घातले गेले. या ग्रीक शब्दजोडीचा अर्थ 'ससाणा-कोकीळ'. पेंढा भरलेला पक्षी बोलत नाही. त्यामुळे या नावांत पिसांचा रंग आला, हाक मात्र आली नाही.

हाकेची नोंद ठेवली ती लोकांनी, आपापल्या भाषेत. हिंदी मुलखात हाच पक्षी पपीहा. तो विचारतो 'पी कहाँ?' बंगालमध्ये तो 'चोख गेलो', म्हणजे 'डोळा गेला' असे ओरडतो. उन्हाळ्याच्या रात्री तळमळत काढणाऱ्या इंग्रज साहेबाला 'ब्रेन-फीव्हर' ऐकू आले. कुणाला पेरणी, कुणाला विरह, कुणाला दुखणे! ज्याच्या मनात जे, तेच त्याच्या कानात. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांना तर यांतली दोन बोलणी एकाच झाडावरून ऐकता येतात.

मग यांतले खरे कोणते? शब्द बाजूला ठेवून मोजून पाहावे. पेर-ते-व्हा, पी-क-हाँ, चोख-गे-लो, ब्रेन-फी-व्हर : चारही ठिकाणी ठोके तीनच. सुरांची ही तीन पावले पुन्हा पुन्हा येतात, दर खेपेला आवाज चढत जातो आणि टिपेला पोचून एकदम तुटतो. एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांनी दिलेली ही साक्ष इतकी तंतोतंत जुळते!

नात्यातल्या दुसऱ्या पक्ष्याशी ताडून पाहिले की या मोजणीचे मोल कळते. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात 'काफल पाको' म्हणणारा कोकीळ पावशाचाच भाऊबंद. पण त्याचे ठोके चार. चातकाची गोष्ट आणखी निराळी. काव्यात चातक आणि पपीहा यांची पुष्कळदा सरमिसळ झाली, कारण दोघेही पावसाच्या तहानेशी जोडलेले. प्रत्यक्षात चातक काळा-पांढरा, तुरेवाला. पावसाळ्याच्या सुमारास तो येतो आणि त्याची 'पियू, पियू' ही हाक वेगळीच. पोथीतला घोळ कानाने सुटतो.

आवाज साठवण्याचे यंत्र तसे अलीकडचे. १८८९ साली लुडविग कॉख या जर्मन मुलाने मेणाच्या नळकांड्यावर पक्ष्याचे गाणे उतरवले. माहीत असलेले ते पहिले पक्षी-ध्वनिमुद्रण, आणि तो पिंजऱ्यातला पक्षी होता शामा, आपल्याकडच्या जंगलांतलाही रहिवासी. त्याआधी शतकानुशतके 'पेरते व्हा' हीच आपली ध्वनिमुद्रिका होती. निरक्षर माणसालाही ती पुढच्या पिढीच्या हाती देता येत होती. अशी लोकनावे गोळा करण्यात मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी हयात वेचली. ते सोलापूरचे, घरची भाषा तेलुगु, आणि 'पक्षिकोश' लिहिला मराठीत! दोन भाषांच्या उंबरठ्यावर वाढलेला कान किती समृद्ध असू शकतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

थंडीत पावशा मुका असतो. तो त्याच झाडावर बसलेला असला तरी दिसत नाही, दिसला तर शिक्रा वाटतो. म्हणून ज्या घरात 'पेरते व्हा' सांगणारे कुणी उरणार नाही, त्या घरापुरता पावशा नाहीसाच झाला म्हणायचा. पक्ष्याला जात नाही, भाषा नाही, सीमा नाही. त्याच्या हाकेत शब्द घातले ते आपण. मुलांना आपले शब्द द्यावेत, शेजाऱ्याचेही शिकू द्यावेत आणि दोहोंखालचे ते तीन ठोके मोजायला शिकवावे. ओळख पटते ती त्यांनीच.