पुढचा वर्ग म्हणजे चांगला वर्ग?

अमेरिकेतल्या विद्यापीठात दाखल होणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही दिवसांतच ठरवावे लागते : कॅल्क्युलस वन घ्यायचा, शाळेत झालेल्या अभ्यासाच्या बळावर थेट कॅल्क्युलस टूला बसायचे, की सिद्धतांवर भर देणारा ऑनर्सचा वर्ग निवडायचा. तिथल्या मराठी घरांतही यावर खल होतो, आणि जितक्या पुढच्या वर्गात नाव लागेल तितके उत्तम, ही समजूत पुष्कळदा त्यामागे असते. गणिताच्या स्वभावात या समजुतीला आधार नाही. ती विसाव्या शतकाच्या मध्यावर घेतलेल्या काही निर्णयांतून रुजली. ते निर्णय कोणत्या विद्यार्थ्यांना डोळ्यांपुढे ठेवून घेतले गेले, हे पाहिले तर आजची निवड वेगळ्या निकषांवर करावी लागते.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी कॉलेजांत कॅल्क्युलस साधारणपणे वरच्या वर्षांचा विषय होता. दुसऱ्या महायुद्धापर्यंतही असंख्य कॉलेजांत पहिले वर्ष बीजगणित, त्रिकोणमिती आणि निर्देशक भूमितीत जाई. मग १९५१ च्या सुमारास फोर्ड फाउंडेशनच्या पैशावर दोन अभ्यास सुरू झाले. एकात अँडोव्हर, एक्झिटर आणि लॉरेन्सव्हिल या खासगी शाळांबरोबर हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन होते. दुसऱ्याच्या मागे केन्यन कॉलेजचे अध्यक्ष गॉर्डन चामर्स होते. चांगल्या शाळांतली हुशार मुले कॉलेजात येऊन तोच अभ्यास पुन्हा करतात, ही त्यांची तक्रार खरी होती. त्यातून शाळेतच कॉलेजच्या पातळीचा अभ्यास करून परीक्षेच्या आधारे पुढच्या वर्गात जाण्याची ‘अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट’ ही योजना निघाली, १९५५ मध्ये ती कॉलेज बोर्डाने हाती घेतली आणि १९५६ च्या परीक्षांना सुमारे बाराशे विद्यार्थी बसले. अख्ख्या देशातून बाराशे! निवडक शाळांतल्या, उत्तम शिक्षक लाभलेल्या या मुलांसाठी तो मार्ग आखला होता. १९६९ मध्ये कॅल्क्युलसच्या परीक्षेचे एबी आणि त्याहून पुढचा बीसी असे दोन भाग झाले आणि ‘कोणत्या वर्गापासून सुरुवात’ या प्रश्नाला आजचे रूप आले. २०१६ पर्यंत एकट्या एबीला बसणाऱ्यांची संख्या तीन लाखांवर गेली होती. मूठभरांसाठी काढलेली सवलत एव्हाना प्रवेशाच्या स्पर्धेतले चलन झाली होती.

पहिल्या वर्षी कॅल्क्युलसच हवा, हेही त्या काळी सर्वमान्य नव्हते. अमेरिकेच्या गणित संघटनेने १९५३ मध्ये नेमलेल्या समितीने पहिल्या वर्षासाठी वेगळा आराखडा सुचवला होता. त्यात कॅल्क्युलसच्या जोडीला संच आणि तर्क यांनाही मोठे स्थान होते. डार्टमथच्या केमेनी, स्नेल आणि थॉम्पसन यांचे सांत गणितावरचे (फिनाइट मॅथेमॅटिक्स) पाठ्यपुस्तकही त्याच दिशेचे होते; ते १९५७ मध्ये आले. पण त्याच वर्षी सोव्हिएत उपग्रह स्पुटनिक आकाशात गेला आणि अभियंते व भौतिकशास्त्रज्ञ घडवण्याच्या निकडीपुढे इतर विचार मागे पडले. कॅलटेकच्या टॉम अपोस्टल यांनी १९६१ च्या आपल्या पुस्तकात विकलनाच्या आधी संकलन शिकवून दाखवले. म्हणजे विषयाच्या आतला क्रमसुद्धा अढळ नव्हता.

‘मागचा वर्ग म्हणजे कच्च्यांचा’ या समजुतीला सर्वांत मोठा धक्का कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथून मिळाला. १९७० च्या दशकात तिथे यूरी ट्राइसमन यांनी कृष्णवर्णीय आणि चिनी वंशाच्या सुमारे वीस-वीस विद्यार्थ्यांचा कॅल्क्युलसचा अभ्यास प्रत्यक्ष पाहिला. पहिल्या गटातल्या अपयशाचे कारण प्राध्यापकांना इच्छेचा अभाव, कच्ची तयारी किंवा घरची अनास्था वाटत होते. निरीक्षणांनी ते खोटे ठरवले. कृष्णवर्णीय मुले कष्ट करत होती, पण एकेकटी. चिनी वंशाची मुले रात्री एकत्र बसून एकमेकांच्या चुका काढत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत, आपण कुठे उभे आहोत हे त्यांना रोज कळत असे. ट्राइसमन यांनी यावर उजळणीचा वर्ग काढला नाही. त्यांनी कार्यशाळा सुरू केल्या, त्यांत मुद्दाम अवघड उदाहरणे दिली आणि ती गटात सोडवायला लावली. निकाल पालटले. विद्यार्थी कोणत्या वर्गात बसला याइतकेच तो कोणाबरोबर आणि कसा अभ्यास करतो हे निर्णायक असते, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा क्वचितच सापडेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. शिकलेलेच पुन्हा शिकण्यात वेळ जातो, भरमसाट शुल्क जाते आणि उत्साहही मावळतो; चामर्स यांच्या पिढीची तक्रार हीच होती. मात्र ‘शिकलेले’ कशाला म्हणायचे, हे आधी ठरवायला हवे. शाळेत कॅल्क्युलस घेणाऱ्याचे बीजगणित, भूमिती आणि त्रिकोणमिती आधी पक्की असली पाहिजे, असे गणित संघटना आणि शालेय गणितशिक्षकांची परिषद यांनी १९८६ मध्येच संयुक्तपणे सांगितले होते. फिलिप सॅडलर आणि गेरहार्ड सॉनर्ट यांच्या २०१८ च्या अभ्यासात तर कॉलेजच्या कॅल्क्युलसमधल्या यशावर शाळेत घेतलेल्या कॅल्क्युलसपेक्षा या पायाभूत विषयांवरच्या पकडीचा प्रभाव दुपटीहून अधिक दिसला. सूत्रे पाठ असून अपूर्णांकी राशी हाताळताना अडखळणाऱ्या मुलासाठी कॅल्क्युलस वन ही पुनरावृत्ती ठरत नाही.

दुसरा आक्षेप अभियांत्रिकीचा, आणि तो अधिक कठीण. पहिल्याच सत्रात यांत्रिकी शिकताना वेग आणि त्वरण विकलनाने मांडावे लागतात. गणितात एक पायरी मागे राहिलेल्याचे भौतिकशास्त्र अडते, मग त्यावर बेतलेले सगळे विषय लांबतात. हा तोटा खरा आहे आणि विद्यार्थ्याच्या माथी मारून तो संपत नाही. तो विद्यापीठांनी अभ्यासक्रमाच्या रचनेतूनच कमी करायला हवा. एमआयटीमध्ये शाळेत वर्षभर कॅल्क्युलस केलेल्यांसाठी असा एक वर्ग आहे : एका चलाचा कॅल्क्युलस पहिल्या सत्राच्या पूर्वार्धात वेगाने, पण नव्याने होतो, आणि तेच विद्यार्थी लगेच अनेक चलांच्या कॅल्क्युलसकडे वळतात. त्यांना काही वगळावे लागत नाही आणि वर्षही वाया जात नाही.