नापासांची शाळा आणि निकालाचे आकडे

1971 साली पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीच्या सुमारे बाराशे लोकवस्तीत साक्षर पुरुष होते 290 आणि साक्षर स्त्रिया अवघ्या 72. मुलगे पुढील शिक्षणासाठी पारनेरला वा शिरूरला जात. मुलींची शाळा प्राथमिक वर्गांपाशीच संपे. 1979 मध्ये संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाची नोंदणी झाली आणि गावात माध्यमिक शाळा आली. अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने या शाळेने प्रवेशाची रूढ रीतच उलटी केली : अन्यत्र नापास झालेल्या मुलांना येथे प्राधान्य मिळू लागले. अभ्यासाच्या जोडीला व्यायाम आणि श्रमदान आले. अभ्यासक्रम व शालान्त परीक्षा मात्र राज्याचीच राहिली. (राळेगणवर लिहिणारे बहुधा पाणलोटापाशीच थांबतात, शाळेपर्यंत क्वचितच पोहोचतात.)

गुणवंत तेवढे निवडून घेणाऱ्या शाळेचा निकाल तिच्या प्रवेशाच्या यादीतच अर्धाअधिक लिहिलेला असतो. नापासांना घेणाऱ्या शाळेतील उत्तीर्ण विद्यार्थी कितीतरी लांबून चालत आलेला असतो. टक्केवारीच्या तक्त्यात मात्र दोघे एकाच रांगेत उभे राहतात.

बरे, ही टक्केवारी तरी कितपत स्थिर? आम्हां भाषाशिक्षकांना 2019 चा निकाल विसरता येणार नाही. 2018 मध्ये राज्याचा दहावीचा निकाल 89.41 टक्के होता. 2019 मध्ये तो 77.10 वर घसरला. त्या वर्षी पाठ्यपुस्तके नवी होती आणि भाषेचे 20 अंतर्गत गुणही काढून घेतले होते. दोष कोणाचा, यावर पुष्कळ वाद झाला. पुढच्या वर्षी पुस्तके तीच राहिली, ते गुण परत आले, करोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने दिले गेले, आणि निकाल 95.30 टक्के लागला! पुस्तक तेच असताना एका वर्षात अठरा टक्क्यांची उडी. तिचे श्रेय अभ्यासक्रमाला देणे आम्हांस तरी जमत नाही.

म्हणून राळेगणसारख्या शाळेचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने निकालपत्रकाआधी जनरल रजिस्टर उघडावे, असे आम्ही आमच्या विद्यार्थ्यांना सुचवतो : मूल कोणत्या शाळेतून आले, कोणत्या वयात कोणत्या इयत्तेत बसले, आणि शाळा सोडताना कारणाच्या रकान्यात काय लिहिले गेले.