जमीन, दस्तऐवज आणि मधला माणूस

१६ एप्रिल २०१३ रोजीं मुंबईची लोकलगाडी विरार ओलांडून डहाणू रोडपर्यंत धावूं लागली. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग होऊन पालघर हें नव्या जिल्ह्याचें मुख्य ठिकाण झालें. मुंबईंत दोन खोल्यांचें घर ज्यांच्या आवाक्याबाहेर गेलें होतें, अशा कुटुंबांची दृष्टि साहजिकच इकडे वळली. घर म्हटलें कीं जमीन आली, आणि जमीन म्हटली कीं दलाल आला. त्यानें कोणाशीं इमान राखावें, आणि तें न राखल्यास त्याला जाब कोणीं विचारावा, हे प्रश्न इमारतींच्या जाहिरातींबरोबर जन्मास आले असें पुष्कळांस वाटतें. पालघरच्या भूमींत मात्र त्यांचीं मुळें बरींच खोल गेलेलीं आहेत.

या मुलखाचे निसर्गानेंच दोन भाग केले आहेत. पश्चिमेस केळवें, माहीम, शिरगांव, तारापूर अशी किल्ल्यांची आणि बागायतींची किनारपट्टी. पूर्वेस डोंगर, रान आणि वारली, मल्हार कोळी, कातकरी यांचे पाडे. किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा अंमल बसला, १७३९ सालीं चिमाजीअप्पांच्या फौजांनीं तारापूर आणि वसई घेतली, पुढें इंग्रज आले. या सर्वांचे इतिहास लिहिले गेले. पाड्यांचा इतिहास त्या मानानें मुका राहिला, कारण तो बखरींत नसून खतपत्रांत आहे. १८६४ सालीं मुंबईस गुजराथशीं जोडणारी आगगाडीची सडक या दोन भागांच्या मधून गेली. रानांतलें लाकूड आणि माळावरचें गवत मुंबईच्या बाजारास जाऊं लागलें, आणि ज्या जमिनीकडे पूर्वीं कोणी ढुंकून पाहत नव्हतें तिला किंमत आली. ती आली हें वारली शेतकऱ्यास मात्र सर्वांच्या शेवटीं कळलें.

रयतवारी मोजणीनें जमीन खातेदाराच्या नांवें लागली. नांवावर असलेली वस्तु गहाण टाकतां येते, विकतांही येते; म्हणजे जो हक्क देण्यांत आला त्याच्याच पोटांत तो गमावण्याची वाट होती. पोराच्या लग्नास थोडे रुपये हवेत, पावसाळ्यांत खावटीस भात हवें, यासाठीं माणूस सावकाराच्या ओटीवर जाई. सावकार स्वतः फारसें बोलत नसे. बोले तो त्याचा गुमास्ता. कागद तोच लिही, तोच वाचून दाखवी आणि अंगठा कोठें उठवावयाचा तेंही तोच सांगे. मजकूर कर्जाचा कीं खरेदीचा, हें ओळखण्याचें साधन अंगठा उठविणाऱ्यापाशीं नव्हतें. मध्यस्थ दोघांच्या मध्यें उभा असतो असा शब्दाचा अर्थ. हा मध्यस्थ एकाच्याच पदरीं होता.

१९३८-३९ च्या सुमारास डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्यानें मुंबई सरकारकरितां आदिवासी आणि डोंगरी जमातींच्या स्थितीविषयीं अहवाल लिहिला. वेठबिगार, आणि लग्नाच्या कर्जापायीं वर्षानुवर्षें सावकाराकडे राबणारा लग्नगडी, यांचें त्यांतलें वर्णन आजही स्वस्थ चित्तानें वाचवत नाहीं.

कायदा अगदींच झोंपला होता असें नाहीं. १८७५ च्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यांत एक मोठी शहाणपणाची तरतूद होती: शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारासमोर, त्याच्या देखरेखीखालीं लिहिला जावा. लेखणी धरणाऱ्या हातावर नजर ठेवण्याचा हा प्रयत्न होता. परंतु आरंभीं तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. ठाण्याच्या रानांतला वारली त्यांत आला नाहीं. १९०१ मध्यें सरकारनें कांहीं जमिनी परवानगीवांचून विकतां येऊं नयेत अशी शर्त घालण्याची सोय केली, तेव्हां फिरोजशहा मेहता व गोपाळ कृष्ण गोखले यांनीं विरोध करून कौन्सिलांतून सभात्याग केला. शेतकऱ्याची पत बुडेल व सरकारच जमीनदार होऊन बसेल, ही त्यांची भीति निराधार नव्हती. तरीही पुढें ज्या भूमीचें रक्षण झालें तें बहुतांशीं अशाच शर्तींनीं झालें, हेंही नाकारतां येत नाहीं.

दलालाच्या इमानाविषयींचा नियम तर त्याहून जुना आहे. १८७२ च्या कराराच्या कायद्यांत स्पष्ट म्हटलें आहे कीं, मुखत्यारानें मालकाच्या माहितीवांचून स्वतःसाठींच व्यवहार केला, तर त्यांतून झालेला फायदा मालकास मागतां येतो. नियम उत्तम; पण तो ज्याच्या कामाचा, त्याच्या कानीं तो कधीं गेला नाहीं.

शेवटीं पाडेच उठले. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळ्यास किसान सभेची परिषद भरली, २३ मे रोजीं तलासरीजवळ झरी येथें वारल्यांचा मेळावा झाला, आणि वेठ करावयाची नाहीं असें ठरलें. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांचीं नांवें या लढ्याशीं कायमचीं जोडलीं गेलीं. १० ऑक्टोबर १९४५ रोजीं तलवाडा येथें पोलिसांच्या गोळीबारांत पांच जण मेले. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कुळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारीं कुळें जमिनीचीं मालक मानलीं गेलीं. ६ जुलै १९७४ पासून जमीन महसूल संहितेंतील कलम ३६अ लागू झालें. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकावयाची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी हवी, आणि तीही राज्यसरकारच्या पूर्वमान्यतेनें.

याच सुमारास किनारपट्टीचें रूप पालटलें. १९६९ सालीं तारापूरचें अणुवीजकेंद्र सुरू झालें. मागाहून औद्योगिक वसाहत आली. तिचें नांव तारापूर, पण ती वसली बोईसरला. नांव एकीकडचें आणि ठिकाण दुसरीकडचें, ही या भागांतील जमिनीची जुनीच रीत म्हणावयाची. कामगार आले, खोल्या उठल्या, शेताचे तुकडे पडूं लागले. नव्या केंद्रांसाठीं अक्करपट्टी आणि पोफरण या गांवांना आपली जागा सोडावी लागली. गुमास्त्याची जागा आतां एजंटानें घेतली. त्याच्या हातीं खताऐवजीं सातबाऱ्याचा उतारा आला आणि समोरचा माणूसही बदलला: आतां कागद न कळणारा बहुधा शहरांतला, चांगला शिकलेला ग्राहक असे.

कारण सातबारा वाचणें ही केवळ अक्षरओळख नव्हे. भोगवटादार वर्ग १ कीं वर्ग २, हें एकच अक्षर लाखोंचा फरक करतें. ‘इतर हक्क’ या रकान्यांत कुळाचें नांव, बोजा किंवा कलम ४३ चा शेरा असूं शकतो. जमीन कुळकायद्यानें मिळालेली असेल तर ती विकण्यास त्या कलमाच्या अटी पाळाव्या लागतात. घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर कलम ६३ आडवें येतें. फेरफाराचे जुने उतारे काढल्यावांचून जमीन पूर्वीं आदिवासीची होती कीं काय, तें कळत नाहीं; आणि ती मंजुरीवांचून हस्तांतरित झालेली निघाली, तर व्यवहार रद्द करून मूळ कुटुंबास परत देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. साठेखत आणि मुखत्यारपत्र करून कबजा घ्या, परवानगीचें मागून पाहूं, असें सांगणारा दलाल खरेदीदाराच्या पैशांशीं खेळतो आणि विकणाऱ्याच्या हक्काशींही. ज्यास हे चार उतारे वाचतां येतात आणि वाचून अप्रिय तें सांगण्याची ज्याची तयारी आहे, त्यासच या धंद्यांत जाणकार म्हणावें.

१ मे २०१७ पासून महारेरा, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, काम करूं लागलें, तेव्हां या मधल्या माणसाचें नांव कायद्याच्या वहींत प्रथमच ठळकपणें चढलें. नोंदणीवांचून त्यानें प्रकल्पांतील घर किंवा भूखंड विकण्यास हात लावूं नये, नोंदणी नसलेल्या प्रकल्पाची विक्री करूं नये, हिशेबाच्या वह्या नीट ठेवाव्या, खोटें आश्वासन देऊं नये. नियम मोडल्यास दिवसास १०,००० रुपये दंड, आणि तो किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढत जाणारा. जानेवारी २०२३ मध्यें प्राधिकरणानें एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, आणि त्याच वर्षाच्या मे महिन्यांत पहिली परीक्षा झाली. गुमास्त्याच्या ओटीपासून परीक्षेच्या खोलीपर्यंतचा हा प्रवास लहान नव्हे.

परंतु हा कायदा इमारतीच्या बाजूनें आलेला आहे. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचे, किंवा आठपर्यंत सदनिकांचे लहान प्रकल्प नोंदणींतून सुटतात. पालघरच्या पूर्वेस पाड्यालगतचें भातखाचर दाखवून ‘विसार आजच द्या’ म्हणणारा माणूस कोणत्याही प्रकल्पाचा दलाल नसतो. मोकळ्या शेतजमिनीचा व्यवहार जुळवून देण्यासाठीं त्याला आजही ती परीक्षा द्यावी लागत नाहीं.